लांगवासचा मेणकरी

ईस्टरच्या गुरुवारी सकाळी हालवार आपल्या खोपटाच्या पायरीवर उभा राहून बर्फाची चव घेत होता. म्हणजे अगदी जिभेने. हातमोजा काढायचा, चिमूटभर बर्फ उचलायचा, बोटांत चुरडायचा, उरलेला जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटून उगवतीकडे तोंड करायचं. जिभेला बर्फातलं काही कळत नाही, हे त्याच्या बायकोला, गुनवोरला, लग्न झालं त्याच वर्षी समजलं होतं. पण अंगणात स्की घेऊन उभी असलेली माणसं बघत होती, आणि बघणारं कोणी असलं की हालवार चव घेतल्याशिवाय राहत नसे.

तो लांगवासच्या उतारावरचा मेणकरी होता. ईस्टरला या उतारावरची सगळी खोपटी उघडतात आणि गुरुवारी सगळे मिळून स्कार्वनूट डोंगराच्या माथ्यावर जातात. लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. आपल्याच पायांनी चढायचं आणि आपल्याच पायांनी घसरत यायचं. त्यासाठी स्कीच्या पोटाला मेण लागतं, आणि ते असं की पाय दाबला की बर्फ धरावा, पाय उचलला की सोडावा. कडक थंडीचं मेण वेगळं, उन्हाचं वेगळं, ताज्या बर्फाचं वेगळं, शिळ्याचं वेगळं. आज कोणतं, हे एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी निमूट लावायचं, अशी इथली रीत. तो एक म्हणजे हालवार. त्याच्याआधी त्याचे वडील होते, आणि तेही चव घ्यायचे.

नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून हालवारला कोणी काही विचारत नसे. मुलगी फोन करायची ती आईला. डॉक्टर प्रश्न विचारायचे, पण उत्तराला थांबत नसत. वर्षात ही एकच सकाळ अशी, की दहा-बारा शहाणीसुरती माणसं त्याच्या पायरीशी येऊन विचारायची, "हालवार, आज काय?" एवढ्या शिदोरीवर तो पुढचा ईस्टर गाठायचा.

यंदा त्या शिदोरीवर एका दंतवैद्याची नजर पडली होती.

प्रेबेन त्याचं नाव. दोन वर्षांपूर्वी त्याने उताराच्या पायथ्याशी घर बांधलं. तो त्याला खोपटच म्हणायचा, पण त्या खोपटाची जमीन विजेने गरम व्हायची आणि ओसरीवर गरम पाण्याचा हौद होता. हालवारच्या खोपटात वीज नव्हती, नळ नव्हता, आणि शौचकूप अंगणाच्या पार टोकाला होतं. पाहुण्यांना तो ते शौचकूप अशा अभिमानाने दाखवायचा, की पाहुण्यांना आधी वाटायचं मागे काहीतरी देखावा असेल. हौदाबद्दल त्याचं मत ठाम होतं: माणूस डोंगरात अंग उकडायला येत नाही. गुनवोर त्या हौदात दोनदा बसून आली होती, हे त्याला माहीत नव्हतं.

तर या प्रेबेनने सफरीनंतर संध्याकाळी भरणाऱ्या सगळ्या खोपटांच्या बैठकीसाठी एक सूचना मांडली होती. मेण बंद करावं. हल्ली स्कीच्या पोटालाच केसाळ पट्टी लावलेली मिळते. केस बर्फ धरतात, केस बर्फ सोडतात, चव घ्यावी लागत नाही. सगळ्यांनी तशा स्की घ्याव्यात आणि मेणकरी हे पदच काढून टाकावं, म्हणजे कोणा एकावर भार नको. "भार" हा शब्द हालवारच्या मनाला फार लागला होता. आजची सफर नीट माथ्यावर जाऊन नीट खाली आली, तर संध्याकाळी ती सूचना कॉफीबरोबर गिळली जाईल, एवढं त्याला ठाऊक होतं. नाहीतर पुढच्या ईस्टरला त्याच्या पायरीशी फक्त बर्फ येणार होता.

"हालवार, आज काय?" ओडलौगने विचारलं. ऐंशी ओलांडलेली ही बाई उतारावर सगळ्यांत जुनी. या डोंगरात लहानथोर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. अपमान करायचा असेल तर बोलणं बंद करतात.

हालवारने डोळे उघडले. "चिकट," तो म्हणाला.

चिकट मेण म्हणजे ट्यूबमधून निघणारा एक प्रकारचा डिंक. शिळ्या, वितळून पुन्हा गोठलेल्या खरबरीत बर्फाला तो उत्तम. आणि अंगणातला बर्फ तसाच होता.

"वर रात्री नवा पडला असं रेडिओ सांगत होता," स्टाइनार म्हणाला. स्टाइनार शेजारच्या खोपटातला, स्वभावाने गरीब. दरवर्षी एक शंका काढायचा आणि दरवर्षी परत घ्यायचा.

"रेडिओ कुठे बसतो?"

"शहरात."

"मग?"

स्टाइनारने शंका परत घेतली. सगळे ट्यूब पिळायला बसले. तो डिंक स्कीला लागला, हातमोज्यांना लागला, बाह्यांना लागला, स्टाइनारच्या कुत्र्याला लागला. एवढ्यात प्रेबेन आला. दाढी कोरलेली, कपडे कोरे, आणि हात स्वच्छ.

"तू नाही लावत?" ओडलौगने विचारलं.

"याला लागत नाही. पोटाला केस आहेत."

"केस माझ्या कुत्र्यालाही आहेत," स्टाइनार म्हणाला.

"पण त्याला आपण पुढे चालायला सांगत नाही," हालवार म्हणाला.

दोघा-तिघांनी नाकातून जरासा श्वास सोडला. लांगवासमध्ये याला खदाखदा हसणं म्हणतात. प्रेबेनही हसला, पण तोंड उघडून. त्यामुळे तो बाहेरचा आहे हे पुन्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. हालवारने त्याला रांगेच्या शेवटी जायला सांगितलं. केसाळ स्कीने वाट खराब होते, असं कारण दिलं. तसं काही होत नाही. पण प्रेबेनने मान डोलावली आणि मागे गेला, आणि हालवारच्या मनातली त्याची किंमत, जी मुळात फारशी नव्हती, आणखी उतरली.

पहिला तासभर हालवारच्या आयुष्यातला फार चांगला गेला. चिकट मेण खरबरीत बर्फाला असं धरत होतं, की नुसतं चालल्यासारखे सगळे चढत होते. हालवार पुढे, त्याच्या पाठीशी गुनवोर, मागे रांग. मागे न बघता तो अधूनमधून बोलत होता, आणि वाऱ्यामुळे मागच्यांना ते ऐकू येत नव्हतं, ही दोघांचीही सोय होती. लिफ्टने डोंगर चढणाऱ्यांना तो "सामान" म्हणायचा. आखलेल्या वाटेवरून स्की करणाऱ्यांना "ट्रामचे प्रवासी". डोंगरच नसलेल्या डेन्मार्कच्या माणसांना तो काहीच म्हणायचा नाही, नुसता उसासा टाकायचा.

मग बर्चची झाडं संपली आणि ताजा बर्फ लागला.

रात्रीचा होता, कोरडा, पिठासारखा, घोट्यापर्यंत. रेडिओ शहरात बसून अगदी बरोबर बोलला होता. हालवारने पहिलं पाऊल टाकलं आणि उचललं, तर पायाबरोबर बर्फही उचलला गेला. दुसऱ्या पावलाला आणखी आला. चिकट मेणाला ताजं पीठ मिळालं की ते सोडत नाही. शेवयांना तूप नाही लागलं तर त्यांचा जसा एक गोळा होतो, तसं काहीतरी स्कीखाली होऊ लागलं. थोड्याच वेळात अख्खी रांग उंच झाली. स्टाइनार, जो बिचारा ठेंगणा, तो आयुष्यात पहिल्यांदा ओडलौगच्या टोपीवरून पलीकडचं बघू शकला. माणसं घसरत नव्हती, सरकत नव्हती. बर्फाच्या खडावा घालून एकेक पाऊल उचलत होती आणि धप्पकन टाकत होती. कुत्र्याच्या चारी पायांना चेंडू झाले होते. ते खाली बसलं आणि पुढे यायला नकार दिला. त्या तांड्यात मेंदू चालवणारं ते एकटंच.

मेणकऱ्याने मेण दिलं की वाटेत त्याला नावं ठेवायची नाहीत. जेवायला बसल्या पानावर वाढणारीच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यासारखं ते. सगळे धापा टाकत, हूं हूं करत, छान व्यायाम होतोय असा चेहरा करून चढत राहिले.

"पाय आपटा," हालवार म्हणाला. "रक्त खेळतं."

सगळ्यांनी पाय आपटले. बर्फ आणखी घट्ट बसला.

शेवटी त्याने एका खडकापाशी संत्र्यांसाठी थांबायचं ठरवलं. ईस्टरला डोंगरात संत्रं खावंच लागतं, त्यामुळे यात कमीपणा नव्हता. लोक संत्री सोलायच्या निमित्ताने वाकून हळूच स्की खरवडू लागले. आणि तेवढ्यात, मागून, कसलाही आवाज न करता, लोण्यावरून सुरी जावी तसा प्रेबेन वर आला. त्याच्या चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर विजयसुद्धा नव्हता. तो नुसता मदत करायला उत्सुक होता.

"मी पुढे जाऊन वाट पाडू का?" त्याने विचारलं. "माथा इथून फार नाही. आणि माझ्याकडे पट्ट्यांची एक जादा जोडी आहे, खालून चिकटवायची. कोणाला हवी असेल तर."

रांगेने संत्री तोंडात धरून हालवारकडे पाहिलं.

हालवारने आभाळाकडे पाहिलं. आभाळ निळं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं. ढगाचं पिल्लूसुद्धा कुठे नव्हतं. तो बराच वेळ पाहत राहिला, डोळे बारीक केले, नाकाने हवा ओढली.

"हवा फिरतेय," तो म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. प्रत्येकाच्या पायाखाली वीतभर बर्फ होता आणि प्रत्येकाच्या पोटऱ्यांत गोळे आले होते.

"मला गुडघ्यात जाणवतंच आहे सकाळपासून," ओडलौग म्हणाली.

"त्या तिकडे जरा पांढरं दिसतंय," स्टाइनार म्हणाला. तिकडे डोंगर होता.

"पण ऊन आहे," प्रेबेन म्हणाला.

त्याच्याकडे सगळे अशा नजरेने बघू लागले, जसं लहान मुलाने पाहुण्याबाईंना त्यांचं वय विचारावं. डोंगराचे नियम छापून इथल्या प्रत्येक खोपटाच्या भिंतीवर लावलेले असतात. वेळेवर माघारी फिरावं, त्यात लाज वाटायचं कारण नाही, असा त्यांत एक आहे. जो एकटा माघारी फिरतो त्याच्याबद्दल उतारावर वीस वर्षं बोललं जातं. पण सगळेच फिरले तर त्याला शहाणपण म्हणतात. हालवारने तो नियम शांतपणे म्हटला. सगळ्यांनी देवळात असल्यासारख्या माना खाली घातल्या. पेच सुटला होता.

"ती जादा जोडी दे मला," गुनवोर म्हणाली.

ती खडकावर टेकून आपलं संत्रं पूर्ण संपवत होती. तिने साल नीट घडी करून खिशात ठेवली.

"गुनवोर," हालवार म्हणाला, "हवा फिरतेय."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय. इतकी वर्षं डोंगर म्हणून मी तुझी पाठ बघत आले. आज डोंगर बघते."

प्रेबेनने खाली बसून तिच्या स्कीला पट्ट्या लावल्या. खाली इतका डिंक होता, की त्या जन्मजात असल्यासारख्या बसल्या. दोघं निघाली. पिठासारख्या बर्फात दोन सरळ रेघा उमटत वर गेल्या, आणि त्या रेघांकडे कोणी बघितलं नाही, कारण हवा फिरली होती.

खाली येणं हे चढण्यापेक्षा वाईट झालं. ज्या उतारावरून घसरत यायला माणसं वर्षभर झुरतात, तो त्यांनी धप्प धप्प करत पायी उतरला. सगळे ओडलौगच्या घरी जमले, तेव्हा तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन नुसतं ओसंडत होतं. ईस्टरच्या दुपारी त्या भिंतीला पाठ लावायची, खाली रेनडियरचं कातडं घालायचं, डोळे मिटून तोंड भाजून घ्यायचं, यासाठीच निम्मे लोक इथे येतात. पण हवा वाईट असताना उन्हात बसणं बरं दिसलं नसतं. म्हणून सगळे आत बसले. ओडलौगने पडदेही ओढून घेतले. शेगडी पेटवली. स्टाइनार पडद्याच्या फटीतून भिंतीकडे बघत होता, बेकरीच्या काचेपाशी पोर उभं राहावं तसा.

कॉफी झाली. दुसरी कॉफी झाली.

"ती दोघं अजून वरच आहेत," ओडलौग म्हणाली.

"येतील," हालवार म्हणाला.

"या हवेत?"

स्टाइनार फटीपासून बाजूला झाला.

"मदतपथकाला कळवायला हवं," ओडलौग म्हणाली आणि आपला मोबाइल पुढे केला. "तुझी बायको आहे. तूच कर."

हालवार मोबाइल बाळगत नसे. माणूस डोंगरात बडबड करायला येत नाही. त्याने तो उंदीर धरावा तसा धरला. पलीकडे ईस्टरच्या पहाऱ्याला बसलेली एक तरुण मुलगी होती.

"काय झालंय?"

"लांगवासहून बोलतोय. माझी बायको वर आहे. हवा बिघडली आहे."

"मी लांगवासच्या खालीच आहे. इथे लोक बनियनवर बसलेत."

"वर वेगळं असतं."

"किती बिघडली आहे?"

खोलीतले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त: हवा ठीक आहे, माझं मेण चुकलं. पाणीखात्यात असताना त्याने अख्ख्या एका गल्लीला महिनाभर गढूळ पाणी पाजलं होतं आणि तेव्हाही असलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप त्याच्या गुडघ्यावर पडली होती. त्याने गुडघा हलवला.

"काही म्हणजे काही दिसत नाही," तो म्हणाला. पडदे बंद होते, त्यामुळे हे खरंच होतं.

पुढे काय झालं ते पथकातल्या एका दाढीवाल्याने नंतर ओडलौगची कॉफी पीत सांगितलं. दोन स्नोस्कूटर वर गेल्या. माथ्यावर वारासुद्धा नव्हता. दंतवैद्य नुसत्या बनियनवर उन्हात पडला होता आणि बाई त्याचा कोट खाली अंथरून, बूट काढून, पाय उन्हाला देऊन.

"बनियनवर?" ओडलौगने विचारलं.

"बनियनवर."

"थंडीने भान गेलं की माणूस कपडे काढतो," ओडलौग म्हणाली. "माझ्या चुलत्याचं तेच झालं."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दाढीवाल्याने खोलीभर नजर फिरवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग वाफलच्या गोड घावनाचा तुकडा आत टाकून ते बंद केलं. वर्दी आली की माणूस खाली आणायचाच, असा त्यांचा शिरस्ता. म्हणून दोघांना ब्लँकेटं गुंडाळून, घसरगाडीवर पट्ट्यांनी बांधून खाली आणलं होतं. बाईला म्हणे सांगितलं, तुझ्या नवऱ्याने बोलावलंय. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि आपणहून घसरगाडीवर आडवी झाली.

ती आता दाराशीच्या बाकावर बसली होती. नाक लालभडक, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल. बैठक सुरू झाली. प्रेबेन उभा राहिला. दोन वर्षांत या माणसाला उतारावर कोणी एकदाही वाफल खायला बोलावलं नव्हतं, आणि आज त्याच्या हातात बशी होती. त्याने बशीकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"मी चुकलो," तो म्हणाला. "मला हवेतलं कळत नाही. दुसऱ्याच्या बायकोला घेऊन गेलो, पथकाला त्रास दिला. मेणाबद्दलची सूचना मी मागे घेतो."

खोली एकदम उबदार झाली. स्टाइनारने त्याच्या बशीत जॅम वाढला. कोणीतरी म्हणालं, होतं असं पहिल्या वर्षांत. हालवारने उदारपणे मान हलवली आणि मनात म्हणाला, काय नेभळट माणूस आहे. भर उन्हात बसून आला आणि वादळाची माफी मागतोय. असल्या माणसाला कोणी दाढेला हात कसा लावू देतं.

"पण गुनवोर काहीच बोलली नाही," ओडलौग म्हणाली. "वर होतीस तू. कसं होतं?"

सगळे बाकाकडे वळले. हवेबाबत प्रेबेनच्या शब्दाला कोणी विचारत नव्हतं, तो बाहेरचा. गुनवोरचा शब्द उतारावर चालायचा. ती म्हणाली असती, ऊन होतं, तर पडदे उघडले असते.

गुनवोरने नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, दुकानात परत करावी का ठेवून घ्यावी अशी वस्तू बघतात तसं.

"फार वाईट हवा," ती म्हणाली. "नाकाची साल निघाली."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. हालवारला पुन्हा मेणकरी नेमलं. हात वर करायचीही गरज पडली नाही.

घरी जाताना ऊन अजून होतं. तो पुढे, ती मागे. थोडं चालल्यावर तो थांबला.

"तू बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं?"

"तुला माहीत आहे."

"वर्षातली एक सकाळ तुला कोणीतरी काहीतरी विचारतं," गुनवोर म्हणाली. "ती गेली, तर बाकीचं वर्ष तुला घरात कुठे ठेवू?"

तो तिच्या लाल नाकाकडे बघत राहिला. स्कार्वनूटवर तो इतक्या वेळा गेला होता, पण दर वेळी माथ्यावर पोचला की मागची माणसं मोजायचा आणि खाली उतरायची घाई करायचा. पाय उन्हाला देऊन तिथे बसता येतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"कसं होतं वर?" त्याने विचारलं. "खरं सांग. आता कोणी नाही."

"काही दिसलं नाही बाबा," गुनवोर म्हणाली. "हवा फिरली होती." आणि त्याला बाजूला सारून ती पुढे झाली.